वाचकांचे प्रश्न : मध्यस्थी वर्गात शिकता येते का?

दिवाणी दाव्यांतील तडजोडीविषयी मागील अंकात जे लिहिले होते, त्यावर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे विधी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांची आणि अध्यापकांची आहेत. वैकल्पिक वाद निवारण, म्हणजे खटला न चालवता वाद मिटवण्याचे मार्ग, हा विषय अभ्यासक्रमात आहे, त्याची परीक्षाही होते, परंतु प्रत्यक्ष मध्यस्थी करायला कोणी शिकवत नाही, असा बहुतेकांचा सूर आहे. त्यातील सात प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे आणि महाविद्यालयांचे उल्लेख वगळले आहेत.

प्रश्न : मी पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाच्या चौथ्या वर्षात आहे. वैकल्पिक वाद निवारण या विषयात मला वर्गात सर्वाधिक गुण मिळाले. पुढे एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मी मध्यस्थाच्या भूमिकेत बसले आणि दहाव्या मिनिटाला दोन्ही बाजूंना तोडगा सांगून मोकळी झाले. परीक्षकांनी त्याचेच गुण कापले. तोडगा वाजवी होता, हे त्यांनीही मान्य केले. मग माझे चुकले कुठे?

उत्तर : तोडगा वाजवी असेलही, पण तो तुमचा होता. पक्षकारांनी तो शोधला नव्हता, आणि पाळायचा मात्र त्यांना होता. प्रत्यक्ष मध्यस्थीत असा बाहेरून आलेला तोडगा दोन्ही बाजू त्या क्षणी मान डोलावून स्वीकारतात, आणि घरी जाऊन विचार केल्यावर आपण फसलो अशी भावना दोघांचीही होते. पुढच्या तारखेला मग स्वाक्षरी करायला कोणी येत नाही.

यात तुम्हाला दोष देण्यासारखे फारसे काही नाही. विधी महाविद्यालय पहिल्या दिवसापासून एकच सवय लावते : हकीकत वाचा, तिच्यातील कायद्याचा मुद्दा वेगळा काढा, बाकीचे गैरलागू म्हणून बाजूला ठेवा आणि निष्कर्ष सांगा. अभिरूप न्यायालयाच्या (लुटुपुटीच्या खटल्यांच्या) स्पर्धा हीच सवय पक्की करतात. वकिलीसाठी ती आवश्यकही आहे. अडचण अशी, की मध्यस्थीत उपयोगी पडणारा मजकूर बहुतेक वेळा त्या ‘गैरलागू’ ढिगात पडलेला असतो. धाकट्या भावाने भागीदारी मोडण्याची नोटीस पाठवली, हे कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचे. नव्या यंत्राच्या पूजेला आपल्याला बोलावले नाही, हे त्याच्या दृष्टीने महत्त्वाचे. पूजेची गोष्ट वादपत्रात, म्हणजे दाव्याच्या मूळ अर्जात, कुठेही नसते. ती बाहेर येण्यासाठी कोणीतरी प्रश्न विचारून गप्प बसावे लागते.

सरावासाठी एक वाक्य घेऊ. पक्षकार म्हणतो, “हा माणूस तीन वर्षे मला फसवत आलाय, याच्या शब्दावर मी आता काडीचाही विश्वास ठेवणार नाही.” नवशिका मध्यस्थ यावर तीनपैकी एक गोष्ट करतो. तो म्हणतो, “असे म्हणू नका, ते तुमचे भाऊच आहेत”. ही समजूत घालणे झाली, आणि समजूत घातली की माणूस दुखावतो. किंवा तो म्हणतो, “म्हणजे यांनी तुम्हाला फसवले”. आता समोरचा उसळतो, कारण मध्यस्थाने आरोपावर शिक्कामोर्तब केल्यासारखे त्याला वाटते. किंवा तो विचारतो, “फसवणुकीचा पुरावा आहे का?” आणि खोलीचे न्यायालय होऊन जाते. सराव झालेला मध्यस्थ साधारण असे म्हणेल : “पुढे जे ठरेल ते नुसते तोंडी राहू नये, ते पाळले जाईल याची पक्की खात्री तुम्हाला हवी आहे, असे मी समजू का?” आरोपातला विखार गळून पडला, मागणी मात्र शिल्लक राहिली; आणि ती अशा शब्दांत राहिली, की समोरच्याला ऐकून घेता यावी. अशी वीस-पंचवीस वाक्ये जमवा, मैत्रिणीला ती रागाने म्हणायला लावा आणि प्रत्येकाचा असा अनुवाद तोंडी करून पाहा. लिहून काढू नका. प्रत्यक्ष बैठकीत लिहायला वेळ मिळत नाही.

आणखी एक गोष्ट, जी इंग्रजी पाठ्यपुस्तकांत सापडणार नाही. मराठीत बोलताना ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतील निवड ही तटस्थतेची पहिली कसोटी असते. एका पक्षकाराला ‘साहेब, आपण बसा’ आणि दुसऱ्याला ‘हं, तुम्ही बोला’ असे म्हटले की पुढचा तासभर कितीही समतोल राखला तरी दुसऱ्याच्या मनातून ते जात नाही. धाकटा भाऊ थोरल्याला ‘दादा’ म्हणतो म्हणून मध्यस्थानेही त्याला ‘दादा’ म्हणायला सुरुवात केली, तर थोरलेपणाचा मान मध्यस्थाने आधीच मान्य केला असा अर्थ निघतो, आणि वाद नेमका त्याच मानाचा असू शकतो. शिवाय आपला ‘आपण’ दुहेरी आहे : “आपण यातून मार्ग काढू” यात मध्यस्थही आला, आणि “आपण हे मान्य करता का” यात तो नाही. सरावाच्या वेळी स्वतःचे बोलणे ध्वनिमुद्रित करून केवळ ही सर्वनामे ऐकली तरी बरेच काही कळते.

प्रश्न : मध्यस्थी, समेट, लवाद आणि लोकअदालत यांतील फरक प्रत्येक पुस्तकात वेगळा दिलेला आढळतो. हिंदी पुस्तकात तर ‘माध्यस्थम्’ म्हणजे लवाद असे दिले आहे. नेमके काय धरावे?

उत्तर : हिंदी पुस्तक चुकलेले नाही. १९९६ च्या लवाद व समेट कायद्याचे हिंदी नाव ‘माध्यस्थम् और सुलह अधिनियम’ असे आहे, आणि २०२३ च्या मध्यस्थी कायद्याला हिंदीत ‘मध्यकता अधिनियम’ म्हटले आहे. म्हणजे आपण ज्याला मध्यस्थी म्हणतो तो हिंदीत मध्यकता, आणि हिंदीतला माध्यस्थम् हा आपला लवाद. परीक्षेच्या उत्तरात दोन भाषांतील संज्ञा मिसळू नका, एवढे पथ्य पुरे आहे.

निर्णय कोणाच्या हातात, हे विचारले की फरक सुटा होतो. लवाद निवाडा देतो आणि तो बंधनकारक असतो. मध्यस्थ निवाडा देत नाही. तो पक्षकारांमधील संवाद चालवतो. समेट घडवणारा तडजोडीच्या अटी स्वतःहून सुचवू शकतो, अशी १९९६ च्या कायद्यात स्पष्ट तरतूद होती. २०२३ च्या कायद्याने समेट ही स्वतंत्र वाट न ठेवता ती मध्यस्थीतच मिळवण्याची दिशा घेतली आहे. लोकअदालत विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली भरते. तेथील निवाडा पक्षकारांच्या संमतीने होतो, तो दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा मानला जातो आणि त्यावर अपील नसते. सार्वजनिक उपयोगितेच्या सेवांसाठीची स्थायी लोकअदालत मात्र तडजोड न झाल्यास विशिष्ट मर्यादेत वादाचा निर्णयही देऊ शकते, आणि हा अपवाद विद्यार्थी हमखास विसरतात.

पुस्तकांत गोंधळ असण्याचे एक कारण मूळ कायद्यातच आहे. न्यायालयाला दावा अशा मार्गांकडे पाठवण्याची मुभा देणारे दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ८९ हे १ जुलै २००२ पासून लागू झाले. त्यात ‘मध्यस्थी’ आणि ‘न्यायिक समझोता’ यांच्या व्याख्या मसुदा करताना एकमेकींच्या जागी पडल्या होत्या. अ‍ॅफकॉन्स इन्फ्रास्ट्रक्चर विरुद्ध चेरियन वर्की या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही चूक उघडपणे दाखवली आणि व्याख्यांची अदलाबदल करून कलम वाचावे असे सांगितले. हा निकाल मुळातून वाचा. कोणते वाद अशा मार्गांकडे पाठवावेत आणि कोणते पाठवू नयेत, याची यादीही त्यातच आहे.

प्रश्न : मी विधी महाविद्यालयात हा विषय शिकवतो. वर्गात साठ विद्यार्थी, तास पन्नास मिनिटांचा. प्रात्यक्षिके घ्यावीत हे पटते, पण दोन विद्यार्थी पुढे येऊन नाटक करतात आणि अठ्ठावन्न जण हसतात, असेच दरवेळी होते. आपण काय सुचवाल?

उत्तर : सर, दोघांनी करायचे आणि बाकीच्यांनी पाहायचे, ही पद्धत प्रथम सोडावी लागेल. मध्यस्थी पाहून येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांत हा विषय सक्तीच्या प्रात्यक्षिक विषयांमध्ये घातलेला आहे आणि तो भूमिकांच्या सरावातून व प्रकरणांच्या अभ्यासातून शिकवावा अशी अपेक्षा तेथे लिहिलेली आहे. २०२० साली बार कौन्सिलने मध्यस्थी हा विषय अनिवार्य केला. म्हणजे आपण जे करू पाहता ते नियमाला धरूनच आहे. प्राचार्यांकडे वेळापत्रकासाठी शब्द टाकताना याचा उपयोग होईल.

साठ विद्यार्थ्यांचे सहा-सहांचे दहा गट करा. प्रत्येक गटात दोन पक्षकार, त्यांचे दोन वकील, एक मध्यस्थ आणि एक निरीक्षक. दहाही गट एकाच वेळी काम करतील. वर्गात कलकलाट होईल, तो होऊ द्यावा; शेजारच्या गटाच्या आवाजात स्वतःच्या पक्षकाराकडे लक्ष ठेवणे हाही सरावच आहे. सहा आठवड्यांत प्रत्येकाच्या वाट्याला प्रत्येक भूमिका एकदा येते.

प्रकरणाचा कागद आदल्या दिवशी द्यावा. त्याचे तीन भाग असतात : सर्वांना माहीत असलेली हकीकत, आणि प्रत्येक पक्षकाराला वेगळी गुप्त चिठ्ठी. उदाहरणादाखल एक साधे प्रकरण सांगते. भाडेकरूने घर सोडले, घरमालक ८० हजार रुपयांची अनामत परत करत नाही. मालक म्हणतो दोन महिन्यांचे भाडे थकले आहे आणि खिडक्यांची मोडतोड झाली आहे. भाडेकरू म्हणतो भिंतींना ओल होती, वर्षभर सांगूनही दुरुस्ती झाली नाही. एवढे सर्वांना ठाऊक. भाडेकरूच्या चिठ्ठीत लिहायचे, की नव्या ठिकाणी घर मिळण्यासाठी त्याला आधीच्या मालकाकडून ‘काही येणे बाकी नाही’ असे पत्र आठवड्याभरात हवे आहे आणि त्यासाठी तो काही रक्कम सोडायलाही तयार आहे, परंतु ही निकड समोर कळू द्यायची नाही. मालकाच्या चिठ्ठीत लिहायचे, की अनामतीची रक्कम घरच्या आजारपणात खर्च झाली आहे. देण्याची नियत आहे, पण एकरकमी देता येणार नाही, आणि हे कबूल करायची त्याला लाज वाटते. पैशांच्या आकड्यावर दोघे पंचवीस मिनिटे घासाघीस करत राहिले तर हाती काही लागत नाही. मध्यस्थाने दोघांशी स्वतंत्र बैठक घेऊन विश्वास मिळवला, तर हप्ते आणि पत्र या दोन गोष्टी एकमेकींना अलगद जुळतात. कोणत्या गटाला हे सापडते आणि कोणत्या गटाला नाही, यावरची चर्चा हाच खरा पाठ.

म्हणून पन्नास मिनिटांतील पंचवीसच सरावाला द्या आणि उरलेली चर्चेला. ही वाटणी मोडू नये, कारण बहुतेक ठिकाणी सराव रंगतो, घंटा होते, आणि काय घडले हे कोणालाच कळत नाही. चर्चेत प्रथम पक्षकार झालेल्यांना बोलू द्यावे : मध्यस्थाच्या कोणत्या वाक्याला तुम्ही मोकळे झालात, कोणत्या वाक्याला मिटलात? मध्यस्थाचे आत्मपरीक्षण त्यानंतर आणि अध्यापकाचे मत सर्वांत शेवटी. अध्यापक आधी बोलले की विद्यार्थी त्यांच्या मताची री ओढतात.

निरीक्षकाला रिकामा ठेवू नका. त्याने कागदावर चारच नोंदी करायच्या : मध्यस्थाने विचारलेले किती प्रश्न ‘हो’ किंवा ‘नाही’मध्ये संपणारे होते, किती प्रश्नांना सविस्तर उत्तर द्यावे लागले, मध्यस्थ स्वतः सुमारे किती मिनिटे बोलला, आणि त्याने पहिला तोडगा कितव्या मिनिटाला सुचवला. पहिल्या आठवड्यात हे आकडे बहुधा लाज आणणारे असतात. विद्यार्थी ते आपोआप सुधारतात, उपदेशाची गरज पडत नाही.

गुण देताना तडजोड झाली की नाही याला गुण ठेवू नयेत, हे माझे ठाम मत आहे. तडजोडीला गुण ठेवले की पक्षकार झालेला विद्यार्थी मित्राच्या गुणांसाठी पडते घेतो आणि सराव खोटा होतो. त्याऐवजी प्रत्येक सरावानंतर दोन पानांची नोंदवही तपासावी, आणि ‘सर्व छान झाले’ असे लिहिणाऱ्याला कमी गुण द्यावेत. शक्य असेल तर सराव मराठीतच घ्यावेत. इंग्रजीत शिकलेली सौम्य वाक्ये खऱ्या पक्षकारापुढे ऐनवेळी आठवत नाहीत, आणि आठवली तरी त्यांचे मराठी भाषांतर सरकारी पत्रासारखे ऐकू येते.

प्रश्न : पदवी मिळाल्यावर लगेच मध्यस्थ म्हणून काम करता येईल का? कोणते प्रमाणपत्र घ्यावे?

उत्तर : न्यायालयाशी संलग्न मध्यस्थी केंद्राच्या यादीवर लगेच येणे अवघड आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये स्थापन केलेल्या मध्यस्थी व समेट प्रकल्प समितीने प्रशिक्षणाचे ४० तास हा मापदंड घालून दिला, आणि यादीसाठी या प्रशिक्षणाखेरीज वकिलीतील अनुभवाची अट उच्च न्यायालयांच्या नियमांत असते. ती आपल्या उच्च न्यायालयाच्या नियमांत पाहून घ्यावी. २०२३ च्या कायद्यात मध्यस्थांची नोंदणी आणि प्रशिक्षणाचे निकष यांसाठी भारतीय मध्यस्थी परिषदेची तरतूद आहे. मात्र या कायद्यातील सर्व कलमे एकदम लागू झालेली नाहीत. ९ ऑक्टोबर २०२३ पासून त्यातील काही मोजकीच कलमे अमलात आणली गेली. परीक्षेत किंवा मुलाखतीत एखादे कलम उद्धृत करण्यापूर्वी ते अमलात आल्याची अधिसूचना आहे का, हे तपासण्याची सवय लावून घ्या.

दोन दिवसांत प्रमाणपत्र देणाऱ्या जाहिरातींच्या मागे लागू नये. पहिली काही वर्षे तालुका किंवा जिल्हा विधी सेवा समितीचे काम, ज्येष्ठ मध्यस्थांच्या बैठकांना परवानगीने उपस्थित राहणे आणि पक्षकाराचा वकील म्हणून मध्यस्थीत जाणे, या तीन मार्गांनी जे हाती येते ते प्रमाणपत्राने येत नाही.

प्रश्न : मी गेली तीस वर्षे दिवाणी वकिली करतो. माझा मुलगा विधी शाखेत आहे आणि मध्यस्थीच्या कार्यशाळांना जातो. मला प्रामाणिकपणे वाटते, की या प्रशिक्षणाने मुले मऊ होतात. उलटतपासणी शिकण्याच्या वयात ती ‘भावना समजून घ्या’ शिकतात. वकिलाचे काम लढणे आहे.

उत्तर : वकीलसाहेब, आपल्या आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याला प्रशिक्षण देणारेच जबाबदार आहेत. बहुतेक कार्यशाळा प्रत्येक विद्यार्थ्याला मध्यस्थ बनवायला निघतात. वस्तुतः शंभर विद्यार्थ्यांतून मध्यस्थ फार थोडे होतील. पक्षकाराला घेऊन मध्यस्थीच्या खोलीत जाण्याची वेळ मात्र जवळजवळ प्रत्येकावर येईल. तेथे पक्षकाराचे हित कसे राखावे, हे त्यांना कोणी शिकवत नाही. अभ्यासक्रमाचा निम्मा भार या बाजूवर असायला हवा, असे मी अनेक वर्षे म्हणत आले आहे.

हे कौशल्य आता ऐच्छिकही राहिलेले नाही. वाणिज्यिक न्यायालये कायद्यात २०१८ साली आलेल्या कलम १२अ नुसार, तातडीच्या मनाईची वगैरे मागणी नसेल तर दावा दाखल करण्यापूर्वी मध्यस्थी करावी लागते. पाटील ऑटोमेशन विरुद्ध रखेजा इंजिनिअर्स या २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद अनिवार्य ठरवली आणि २० ऑगस्ट २०२२ पासून तिचे पालन न करता आणलेला वादपत्राचा कागद फेटाळला जाऊ शकतो असे स्पष्ट केले. लढण्यासाठी न्यायालयाचे दार उघडायचे तरी आधी मध्यस्थीच्या दारातून जावे लागते, अशी या दाव्यांची स्थिती आहे.

त्या खोलीत वकिलाला मऊपणा उपयोगी पडत नाही, तयारी पडते. पक्षकाराशी आधी बसून तीन हिशेब मांडावे लागतात : बोलणी फिसकटली तर दावा किती वर्षे चालेल, खर्च किती होईल आणि जिंकण्याची शक्यता खरोखर किती आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पक्षकाराला खूश करण्यासाठी द्यायचे नसते. आपण तीस वर्षांच्या अनुभवाने ते जितक्या कोरडेपणाने देऊ शकता, तितक्या कोरडेपणाने नवशिका देऊ शकत नाही, आणि तेच त्याला शिकायचे आहे. त्यानंतर हे पाहावे लागते, की समोरून कंपनीचा जो माणूस येणार आहे त्याला स्वाक्षरीचा अधिकार आहे का. अधिकार नसलेल्या माणसाशी पाच तास बोलून ‘वरिष्ठांना विचारून सांगतो’ हे उत्तर घेऊन परतणे यासारखा मनस्ताप दुसरा नाही.

आणि तडजोडीचा मसुदा. येथे तर जुन्या वकिलाची धारच हवी. ‘प्रतिवादीने उर्वरित रक्कम लवकरात लवकर देण्याचे मान्य केले’ असे वाक्य मी विद्यार्थ्यांच्या मसुद्यांत शेकडो वेळा वाचले आहे. ‘लवकरात लवकर’ची अंमलबजावणी कोणते न्यायालय करणार? रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत, तारीख, कोणत्या खात्यात, एक हप्ता चुकला तर उरलेली सगळी रक्कम एकदम देय होणार का, त्यावर व्याज किती, मूळ दावा कोणी कधी काढून घ्यायचा : हे सारे लिहिलेले हवे. कलम १२अ खालील तडजोडीला लवादाच्या निवाड्याइतकेच बळ आहे, म्हणून तिचा मसुदा हुकूमनाम्याच्या काळजीने करावा लागतो. आपल्या मुलाने पुढच्या कार्यशाळेतून आणलेला एखादा मसुदा आपण उलटतपासणीच्या नजरेने वाचून त्याला परत द्यावा. दोघांनाही त्यात गंमत वाटेल.

प्रश्न : प्रशिक्षणार्थी म्हणून मी एका मध्यस्थी केंद्रात निरीक्षक होते. स्वतंत्र बैठकीत एका पक्षकाराने मध्यस्थांपुढे कबूल केले, की दाव्यातील एक पावती त्याने नंतर तयार केलेली आहे. तडजोड झाली नाही, प्रकरण न्यायालयात परत गेले. मला महाविद्यालयाला अहवाल द्यायचा आहे. मी हे लिहू शकते का? दुसऱ्या बाजूच्या वकिलांना सांगायला हवे का?

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर नाही असे आहे. तुमची घालमेल मला समजते. खोटी पावती न्यायालयापुढे जाणार हे माहीत असून गप्प बसणे सोपे नाही. परंतु ती कबुली तुमच्यापर्यंत पोहोचली, ती बाहेर जाणार नाही या हमीवरच. हमी नसती तर तो माणूस बोललाच नसता, आणि तुम्हालाही काही कळले नसते. तशी एक जरी हमी मोडली, तर त्या केंद्रात पुढे येणारा कोणीही मोकळेपणाने बोलणार नाही.

मोतीराम विरुद्ध अशोक कुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, की मध्यस्थी यशस्वी झाली तर मध्यस्थाने स्वाक्षरी झालेला करार पाठवावा आणि अयशस्वी झाली तर ‘मध्यस्थी अयशस्वी’ एवढेच कळवावे. बैठकीत कोण काय म्हणाले हे न्यायालयालाही कळवू नये. जे न्यायालयाला सांगायचे नाही ते महाविद्यालयाच्या अहवालात कसे येईल? २०२३ च्या कायद्यानेही कलम २२ मध्ये गोपनीयतेचे बंधन घातले आहे. पावती खोटी असेल तर ती उघडी पाडणे हे समोरच्या वकिलाच्या उलटतपासणीचे काम आहे, आणि ते त्याच्याजवळच्या पुराव्यावरच व्हायला हवे.

अहवालात प्रक्रियेविषयी लिहा : बैठकीची सुरुवात कशी झाली, मध्यस्थांनी बसण्याची व्यवस्था कशी केली, स्वतंत्र बैठका कोणत्या टप्प्यावर घेतल्या, शांततेचा उपयोग कसा केला. वादाचा प्रकारसुद्धा इतका मोघम ठेवा की गावातील कोणालाही माणसे ओळखता येऊ नयेत. बैठकीत टिपणे घेतली असतील तर ती केंद्राच्या नियमानुसार तेथेच नष्ट करायला द्या, आणि भ्रमणध्वनीत काही नोंदवले असेल तर तेही पुसा. मन फारच अस्वस्थ असेल, तर ज्या मध्यस्थांबरोबर तुम्ही बसलात त्यांच्याशीच बोला; त्या खोलीत असलेल्यांनाच त्या खोलीतले सांगता येते.

प्रश्न : आमच्या वर्गात असे शिकवले गेले, की प्रत्येक वाद मध्यस्थीने सुटू शकतो. मारहाण सहन केलेल्या पत्नीला नवऱ्यासमोर बसवून ‘दोघांचेही ऐकून घेऊ’ म्हणणे मला पटत नाही. माझे चुकते का?

उत्तर : तुमचे चुकत नाही. प्रत्येक वाद मध्यस्थीला योग्य नसतो, आणि हे कायद्यानेही मानले आहे. वर उल्लेखिलेल्या अ‍ॅफकॉन्स निकालात गंभीर फसवणूक आणि बनावट दस्तऐवजांचे विशिष्ट आरोप, अल्पवयीन किंवा मनोरुग्ण व्यक्तींविरुद्धचे दावे, प्रातिनिधिक स्वरूपाचे दावे आणि फौजदारी खटले सर्वसाधारणपणे बाजूला ठेवले आहेत; २०२३ च्या कायद्यालाही अशा वादांची अनुसूची जोडलेली आहे. वैवाहिक वाद मध्यस्थीला योग्य मानले जातात, आणि बहुतेक वैवाहिक वादांबाबत ते बरोबरही आहे. पण वैवाहिक वादाच्या आत हिंसा असू शकते, आणि ती फाइलवर लिहिलेली नसते.

म्हणून प्रशिक्षणात पहिल्या संयुक्त बैठकीच्याही आधीची एक पायरी शिकवली पाहिजे, जी अनेक ठिकाणी गाळली जाते : प्रत्येक पक्षकाराला एकटे भेटून विचारणे. प्रश्न थेट ‘मारहाण झाली का’ असा नसावा, कारण त्याला बाई बहुधा ‘नाही’ म्हणते. “तुम्ही काही बोललात आणि त्यांना ते आवडले नाही, तर घरी गेल्यावर काय होते?” असे विचारले की उत्तर येते, किंवा येत नाही आणि तेही उत्तरच असते. भीती दिसली तर संयुक्त बैठक घ्यायची नाही; मध्यस्थी थांबवायची किंवा दोघांना वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या खोल्यांत भेटायचे, आणि तिच्याबरोबर वकील किंवा तिच्या विश्वासाची व्यक्ती असेल हे पाहायचे. घरी पाठवताना दोघांना एकाच वेळी दाराबाहेर सोडायचे नाही, ही बारीक गोष्टही शिकवण्याचीच आहे.

आपल्या अध्यापकांना एक सुचवून पाहा. पुढच्या सरावात एका गटातील पत्नीच्या गुप्त चिठ्ठीत एवढेच लिहू द्या : ‘तुला भीती वाटते. विचारल्याशिवाय सांगू नकोस.’ मध्यस्थाला याची कल्पना द्यायची नाही. तडजोड करून, स्वाक्षऱ्या घेऊन, खुशीत बाहेर आलेल्या गटाला नंतर ती चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवा.